दोरीला हात

आंबा घाटात आम्हाला आधी एस.टी.नं मागं टाकलं, मग कोंबड्यांच्या टेम्पोनं, आणि शेवटच्या वळणावर एका म्हाताऱ्या जोडप्याच्या स्कूटरनं. स्कूटरवरच्या आजींनी पुढं गेल्यावर मुद्दाम मान वळवून आमच्या गाडीकडं पाहिलं, आत कुणाला काही झालंय का अशा काळजीनं.

"उप्या, लेका," मागच्या सीटवरून दिग्या म्हणाला, "खाली उतरून ढकलू का जरा?"

उपेंद्र हसला. वेग काही वाढवला नाही.

"आता म्हशी पुढं जातील," शलाका म्हणाली. "चारू, तुझ्या नवऱ्याला झालंय काय?"

"मला काय माहीत," मी म्हणाले. आणि मला खरंच माहीत नव्हतं.

याला नऊ वर्षं झाली. डिसेंबर होता. आम्ही मिरजेचे चौघं, आमच्या जुन्या घेतलेल्या पांढऱ्या गाडीतून पहिल्यांदाच समुद्राकडं निघालो होतो. दिग्या म्हणजे दिग्विजय, उपेंद्रचा तिसरीपासूनचा दोस्त. शलाका त्याची बायको, आणि त्याआधी माझी होस्टेलमधली मैत्रीण. दोन्ही लग्नंही आम्हीच जमवली, एकमेकांची. शलाका फिजिओथेरपिस्ट. मिरजेतले निम्मे आखडलेले खांदे तिच्या हाताखालून गेलेले.

उपेंद्र एरवी गाडी पळवणारा माणूस. मिरजेहून पुण्याला जाताना मी डोळे मिटून बसायची. त्या दिवशी मात्र प्रत्येक खड्ड्यापाशी तो गाडी जवळजवळ थांबवायचा, एक चाक हळूच उतरवायचा, मग दुसरं. "शॉक-अब्सॉर्बर गेलेत रे," म्हणायचा. "जुनी गाडी आहे."

मला त्या सावकाशीचं बरं वाटत होतं. कारण पुढच्या सीटवर मी एकटी बसलेली नव्हते.

बुधवारी सकाळी न्हाणीघराची कडी लावून मी चाचणी केली होती. दोन रेघा. पाच आठवडे. ती पट्टी कागदात गुंडाळून, कागद पिशवीत घालून, ती पिशवी कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकून आले होते आणि पोहे केले होते. उपेंद्रला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे तीन महिने पुरे झाल्याशिवाय बोलायचं नसतं. पहिल्या वेळी मी ती रीत हसण्यावारी नेली होती. सहाव्या आठवड्यातच सगळ्यांना सांगून मोकळी झाले. सासूबाईंनी शेजारीपाजारी पेढे दिले. उपेंद्र सुताराकडं जाऊन पाळणा बघून आला. नवव्या आठवड्यात ते गेलं, आणि मग ज्यांना ज्यांना सांगितलं होतं ते सगळे एकेक करून मला समजवायला आले. दूधवाल्यानंसुद्धा समजूत काढली. शलाका हॉस्पिटलात कॉटच्या कडेवर बसली होती. ती म्हणाली, "लवकर गेलं ते बरंच झालं गं, जीव लागायच्या आत." ती रडत होती म्हणताना, हे मला दिसत होतं. तरी ते वाक्य माझ्यात रुतून बसलं. वर्षभर आम्ही पहिल्यासारख्याच भेटत होतो, हसत होतो, पण मी तिला आतलं काही सांगणं बंद केलं होतं. तिला ते कळलं होतं का, मला ठाऊक नव्हतं.

म्हणून या खेपेला ठरवलं होतं. तोंडातून अक्षर काढायचं नाही. राहिलं तर तीन महिन्यांनी सांगू. गेलं तर माझं मी बघेन.

शुक्रवारी रात्री रत्नागिरीत मुक्काम केला आणि शनिवारी सकाळी किनाऱ्याच्या रस्त्यानं निघालो. आम्हाला तांबूळवाडीला जायचं होतं. तिथं उपेंद्रच्या पणजोबांचं घर होतं म्हणे. घर आता नाही, पण विहीर आहे. उपेंद्र स्वतः वाढला मिरजेत, समुद्र त्यानं पाहिला तो दहावीच्या सहलीत, पण कोकणाचा विषय निघाला की तो खलाशाचा नातू असल्यासारखा बोलायचा.

तांबूळवाडी चार किलोमीटरवर राहिली असताना रस्ता संपला. म्हणजे होता, पण उखडलेला. मुठीएवढी खडी पसरून ठेवली होती आणि रोलर कडेला झोपला होता. शेजारच्या टपरीवाल्यानं चहा गाळता गाळता सांगितलं, "ओहोटी असली तर खालून पुळणीवरून, ओल्या वाळूतून जातात लोक. रिक्षापण जातात."

उपेंद्र त्या खडीकडं बघत उभा राहिला. बराच वेळ. मग माझ्याकडं पाहिलं, परत खडीकडं.

"पुळणीवरून जाऊ," तो म्हणाला.

"भावा, खडी काय खाती का गाडीला?" दिग्या म्हणाला. "पंधरा मिनिटं आदळू, पोचू."

"कशाला आदळायचं? ऐका. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येतो त्या वाजता पूर्ण भरती. आमचे आजोबा असंच काढायचे. आज अष्टमी. आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती झाली, बाराला पूर्ण ओहोटी. आत्ता वाजलेत नऊ. पाणी उतरतंय."

"अष्टमी कशावरून?"

"कॅलेंडर बघून आलोय घरून. गुरुवारीच."

दिग्यानं हात जोडले. "खलाशी महाराज, चला."

त्या पहिल्या दहा मिनिटांसाठी मी आयुष्यभर त्या खडीची आभारी आहे. ओली पुळण इतकी घट्ट आणि गुळगुळीत होती की गाडी चालतेय हे फक्त वाऱ्यावरून कळायचं. चारही काचा खाली. डावीकडं समुद्र, उजवीकडं सुरूची झाडं, आणि मधे आम्ही, दुसरं कुणी नाही. खेकड्यांनी वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी घातली होती, ती चुकवत उपेंद्र उगाच नागमोडी चालला होता. दिग्या खिडकीतून अर्धा बाहेर निघून ओरडत होता, काय ते त्यालाही माहीत नसावं. शलाकानं तिच्या ओढणीचं टोक बाहेर सोडलं होतं. मी पोटावर हात ठेवला होता, कुणाला दिसणार नाही असा, पर्सच्या खाली. तेव्हा मला वाटलं होतं, याला आत्ता समुद्राचा आवाज येत असेल का. पाच आठवड्यांच्या जिवाला कान नसतात हे मला माहीत होतं. तरी वाटलं.

मग ओढा आला. वीतभर पाण्याचा, डोंगरातून येऊन समुद्राला मिळणारा. उपेंद्रनं गाडी हळू केली, आणि तिथंच चुकलं. पुढची चाकं पार झाली, मागची बसली. त्यानं गिअर बदलला, चाक गरगरलं, वाळू उडाली, आणि गाडी आणखी टेकली. दुसऱ्या वेळी दारापर्यंत टेकली.

"थांब, थांब! खोल चाललीये," दिग्या उतरून ओरडला.

आम्ही सगळे उतरलो. दिग्यानं चाकांखाली सुरूचे फाटे घातले. शलाकानं पायपुसणी घातली. गाडी हलेना. आणि तेवढ्यात एक लाट आली ती माझ्या चपला भिजवून गेली. पुढची घोट्यापर्यंत आली.

"उप्या," दिग्या शांतपणे म्हणाला, "उतरतंय म्हणालास ना रे पाणी?"

पुढं हाकेच्या अंतरावर रापणवाले होते, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे. जाळं वर आलेलं होतं आणि दहाबारा बाया-पुरुष मासे निवडत बसले होते. त्यांच्यातला एक पिकल्या केसांचा माणूस उठून आमच्याकडं चालत आला. तो त्यांचा तांडेल, म्हणजे म्होरक्या.

"अवो, हिकडं कशाला घातलीव गाडी?"

"ओहोटी आहे ना आता?" उपेंद्र म्हणाला. "अष्टमी आज."

"अष्टमी?" तांडेलानं आमच्या चौघांकडं पाळीपाळीनं पाहिलं. "आज पुनव हाय. उधान येतंय उधान. काल चांद बघितलाव नाय काय?"

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. आदल्या रात्री आम्ही लॉजच्या गच्चीवर जेवलो होतो. लख्ख उजेडात माशाचे काटे काढले होते. तो उजेड येतोय कुठून, हे मान वर करून एकानंही पाहिलं नव्हतं.

"मी अष्टमीच वाचली होती," उपेंद्र म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "माझ्या डोळ्यांनी वाचली."

"वाचली आसशील. समिंदर वाचत नाय." तांडेल मागं वळून ओरडला, "ए, जाडी दोरी आना! बिगी!"

दोरी आली, मनगटाएवढी जाड, ओली, खवल्यांचा वास मारणारी. तिचं टोक गाडीच्या पुढच्या हुकात अडकवलं. पाणी आता मागच्या नंबरप्लेटला लागत होतं. उपेंद्रला आत स्टिअरिंगवर बसवलं, आणि बाकीचे दोरीला रांगेनं लागले, एक उजवीकडून, एक डावीकडून. दिग्या लागला. शलाकानं ओढणी कमरेला बांधली आणि तीही लागली.

मी कोरड्या वाळूत उभी होते.

"तुमी, ताई," तांडेल म्हणाला. "लावा हात."

"मी?"

"किनाऱ्यावर उभं हाय त्यानं दोरीला हात लावायचा. आमच्यात बघत नाय कुनी उभं राहत."

"ये ना गं!" शलाका ओरडली. "महाराणी, गाडी तुझीच आहे!"

सगळे हसले. त्या हसण्यात राग नव्हता, घाई होती. एका लाटेनं गाडी जराशी कलली.

एवढंच म्हणायचं होतं की मला नाही ओढता येणार. का, असं त्यांनी विचारलं असतं. आणि मग पंधरा माणसांसमोर, ओल्या दोरीच्या टोकाशी, मला ते सांगावं लागलं असतं. परत सगळं सुरू झालं असतं. परत लोक येऊन समजवून गेले असते. मी मनात म्हटलं, नुसता हात लावायचा. जोर लावायचा नाही. कुणाला कळतंय. हिरव्या लुगड्यातल्या एका बाईच्या मागं जागा होती. मी गेले आणि दोरीला हात लावला. दोरी ताणली गेली तसं ती माझ्या हातात जिवंत झाल्यासारखी थरथरली, आणि हात आपोआप आवळले गेले. पोटात काहीतरी घट्ट झालं. भीतीनंच असेल.

"हां, आता एका दमात..." तांडेलानं हात वर केला.

"ती नको!"

गाडीचं दार उघडलं होतं. उपेंद्र घोटाभर पाण्यातून धडपडत येत होता, पॅन्ट भिजलेली, एक चप्पल पायात, एक पाण्यात.

"ती नको. चारू, सोड. सोड ती दोरी."

"आरं पन चाक कोन धरनार?" तांडेल खेकसला.

"तिचा हात दुखावलाय," उपेंद्र म्हणाला. "उजवा. मनगट. परवा जिन्यावरून घसरली."

माझं मनगट अगदी ठणठणीत होतं. मी कुठल्याही जिन्यावरून घसरले नव्हते.

"कधी?" शलाका दोरीवरूनच म्हणाली. "सकाळी तर दोन्ही बॅगा हिनंच..."

"बॅगा मी आणल्या." त्यानं माझी बोटं दोरीवरून एकेक करून सोडवली. माझ्याकडं तो बघत नव्हता. बोटं सोडवताना मात्र फार जपून सोडवत होता, मनगटाला नव्हे तर सबंध मलाच काही लागेल अशा बेतानं. मला हाताला धरून त्यानं सुरूच्या सावलीत नेलं, एका ओंडक्यावर बसवलं, आणि तसाच पळत स्टिअरिंगपाशी गेला.

त्या ओंडक्यावर बसल्या बसल्या मला कळलं की त्याला माहीत आहे.

आणि मग एकदम घाटही कळला.

गाडी तिसऱ्या ओढीला निघाली. लोक आरोळी देऊन मागं कोसळले, दिग्या एका टोपलीवर बसला आणि टोपली मोडली. गाडी वर कोरड्यावर आली तेव्हा तिच्या दोन्ही मागच्या दारांतून पाणी गळत होतं. दिग्या आणि शलाका हातपाय धुवायला रापणवाल्यांबरोबर गेले. उपेंद्र माझ्यापाशी येऊन वाळूत बसला.



"कधीपासून?" मी विचारलं.

"गुरुवारी. तिथी बघायला गेलो ना."

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सगळंच असायचं. गॅस कधी लावला, पाणी कुठल्या दिवशी येणार नाही, आणि महिन्यातून एकदा पेन्सिलीची एक बारीक फुली, माझी. ती फुली त्यालाही ठाऊक आहे हे मला चार वर्षांत सुचलं नव्हतं.

"या पानावर फुली दिसेना," तो म्हणाला. "मागचं पान उलटलं. तिथं होती. तिथून मोजत आलो. अठ्ठावीस दिवस. मागच्या शनिवारी येऊन थांबलो. चौकट कोरी. त्या चौकटीवर बोट ठेवून किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मग तू आलीस आतून, म्हणालीस डबा भरू का. मी घाईनं तिथी वाचली. त्याच चौकटीतली."

"मागच्या शनिवारची."

"हं. शेजारी शेजारीच असतात ना दोन्ही शनिवार." त्यानं वाळू मुठीत घेतली, सोडली. "तू सांगितलं नाहीस, म्हणून मी विचारलं नाही. म्हटलं, सांगायचं तेव्हा सांगेल. पण खड्डे तर चुकवायला हवेत ना? ती खडी बघितली आणि मला सुधरेना. वाळू मऊ वाटली."

"पाळणा बघून ठेवला असशील परत," मी म्हणाले. मला नुसतं चिडवायचं होतं.

"नाही," तो म्हणाला. "यावेळी नाही. मलाही भीती वाटते गं."

वर्षभरात हे तो पहिल्यांदा बोलला होता. मी इतके दिवस समजत होते की ती भीती माझी एकटीची आहे आणि मी एकटीनंच ती सांभाळायची आहे.

आमची रेवा पुढच्या श्रावणात झाली. इथंच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण त्या दिवशी त्या ओंडक्यापाशी आम्हाला ते ठाऊक नव्हतं. आम्हाला फक्त पाच आठवडे ठाऊक होते, आणि पाणी, जे पुळण भरून आता आमच्या चाकांच्या खुणांवरून वर चढत होतं.

दिग्या आला तो दोन्ही हातांत मासे घेऊन. "वाटा! दोरीला हात लावला की वाटा मिळतो म्हणे. उप्या, तुला नाही, तू स्टिअरिंगवर होतास. चारूला आहे."

"मला कसा? मी तर सोडली."

"तांडेल म्हणाला, हात लागला व्हता." तो उपेंद्रकडं वळला. "चल, खलाशी महाराज, बॉनेट उघड. बघू इंजिनात किती समुद्र गेलाय."

ते दोघं गाडीकडं गेले. शलाका मात्र गाडीतून तिची लाल पिशवी घेऊन माझ्याकडंच आली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"दाखव हात."

"अगं, काही नाही. किरकोळ आहे."

"तुझा नवरा पाण्यातून चप्पल टाकून पळत आला किरकोळसाठी? दाखव."

जगात शंभर खोटी कारणं होती. ताप होता, चक्कर होती, पित्त होतं. आणि या शहाण्यानं हाताच्या डॉक्टरणीसमोर हात निवडला होता. मी हात पुढं केला. शलाकानं तो मांडीवर घेतला, उलटा केला, अंगठ्यानं दाबत मनगटापासून वर निघाली. तिचे हात अजून ओले आणि खारट होते.

"इथं दुखतंय?"

"नाही."

"इथं?"

"थोडं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "इथं काही नसतंच दुखायला," ती म्हणाली. तिनं मनगट वाकवलं, फिरवलं, बोटं एकेक ओढली. हात लोण्यासारखा वळत होता. मग ती थांबली.

"चारू, या हाताला काही झालेलं नाही."

मी हात मागं घ्यायला गेले, तिनं सोडला नाही.

"मग कुठं दुखतंय गं तुझं?"

मागं दिग्या मोठ्यानं हसत होता, काहीतरी सांडल्याचा आवाज आला. मी तोंड उघडलं आणि मला वाटलं, आता थाप मारीन. पण निघालं ते सगळंच निघालं. आधी आत्ताचं, मग मागचं. दूधवाला, पेढे, न्हाणीघराची कडी. हॉस्पिटलातलं तिचं ते वाक्यसुद्धा, जसंच्या तसं. ते म्हणताना मला तिच्याकडं बघवेना, म्हणून मी आमच्या हातांकडं बघत बोलले. ती चोळत होती तो हात. मधे एकदा तिचा अंगठा थांबला, त्या वाक्यापाशी, आणि परत चालू लागला.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती शेवटी म्हणाली. "तोंडातून गेल्या गेल्या. तुझ्याकडं बघवेना. नंतर किती वेळा ठरवलं बोलायचं. तू इतकी नीट वागायचीस माझ्याशी, की धीरच झाला नाही."

"राहू दे आता."

"किती झाले?"

"पाच आठवडे."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"उपेंद्रला. आणि तुला."

तिनं मान हलवली. नाक ओढणीला पुसलं. मग पिशवीतून क्रेप बँडेजची गुंडाळी काढली, माझा ठणठणीत हात सरळ केला, आणि बोटांच्या मुळापासून कोपराच्या अलीकडपर्यंत घट्ट, नीट, एकावर एक वेढे देत बांधून टाकला. पेशंटला बांधते तसा. क्लिप लावली. तेवढ्यात मागून दिग्या हाका मारत आला, गाडी चालू झाली म्हणून, आणि माझ्या हाताकडं बघून थबकला.

"अरे बापरे. एवढं लागलंय?"

"मग?" शलाका म्हणाली. "आता तीन महिने या हातानं काही उचलायचं नाही, ओढायचं नाही. आणि गाडीतून आदळआपट बंद. दिग्या, ऐकलंस का? उपेंद्र चालवेल तसा चालवेल. कुणी एक शब्द बोलायचा नाही."

"मनगटाला तीन महिने?"

"डॉक्टर तू का मी?"

दिग्यानं मुकाट्यानं माझी पर्स उचलली. शलाका माझ्याकडं वळली. तिचे डोळे लाल होते आणि चेहरा एकदम दवाखान्यातला.

"दुखतोय ना हात?" तिनं विचारलं.

"दुखतोय," मी म्हणाले, आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठले.